घाट, खाडी आणि घोडा

‘एज ऑफ एम्पायर्स २’ या संगणकीय खेळात एक चिलखती स्वार उभा करायला ६० अन्न आणि ७५ सोने लागते. तबेल्यावर टिचकी मारली की ३० सेकंदांत घोडा, स्वार, तलवार आणि लोखंडी पेहराव असे सगळे तयार होऊन बाहेर पडते. मग कोणाचे जड घोडदळ सरस, यावर खेळणाऱ्यांचे वाद रंगतात. फ्रँकांच्या घोडदळाला २० टक्के जास्त जीव, कुमानांचे घोडे जास्त चपळ, ट्यूटनांच्या अंगावर चिलखत जास्त. पोर्तुगीज या खेळात २०१५ साली आले. त्यांना फौजेसाठी सोने कमी मोजावे लागते आणि खास त्यांचे असे जहाज मिळते. पण घोडदळाची सर्वांत वरची पायरी त्यांच्या वाट्याला नाही. २०२२ साली आलेल्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ या पुरवणीत तर हिंदुस्थानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली या चौघांपैकी कोणालाच तो चिलखती ‘नाइट’ दिलेला नाही. 

या खेळातला घोडा एकदा तबेल्याबाहेर पडला की पुन्हा काही खात नाही. त्याला चंदी नको, वैरण नको, नाल नको, पावसाळ्यात छप्पर नको. खऱ्या इतिहासात जड घोडदळाचा निकाल मात्र याच गोष्टींनी लावला, आणि तो पडताळून पाहायला गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या पट्ट्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. पेडणे महालाच्या उत्तरेला तेरेखोलची खाडी, दक्षिणेला शापोऱ्याची. पूर्वेला सह्याद्री आणि त्यातून उतरणारा रामघाट. त्याच डोंगरांच्या अंगाने शापोऱ्याचे पाणी खाली येते. पार्से, तुये, आगरवाडा, चोपडे, मांद्रे ही गावे या सापटीत वसलेली. वर जांभ्या दगडाचे सडे, खाली भाताची शेते, कडेला भरती-ओहोटीचे पाणी. मोकळ्या माळावर हजार घोडे एका रांगेत सोडावेत, अशी ही जमीन नव्हे. तरीही हिंदुस्थानातल्या बहुतेक मोठ्या सत्तांचे घोडे या किनाऱ्याने पाहिले.

चिलखती स्वार गोव्याच्या भूमीवर उतरल्याचा एक डोळ्यांदेखतचा वृत्तान्त आहे, आणि तो लिहिणारा स्वतः त्या लढाईत होता. १३४० च्या दशकात होनावरचा सुलतान जमालुद्दीन याने ५२ गलबतांनिशी चंदापूर, म्हणजे त्या वेळचे गोवे, यावर स्वारी केली. प्रवासी इब्न बतूता त्याच्याबरोबर होता. ताफ्यातली दोन जहाजे त्याने मुद्दाम टिपून ठेवली आहेत. त्यांची मागची बाजू उघडी होती आणि घोडे आतच बांधलेले होते. स्वार जहाजातच घोड्यावर बसत, तिथेच चिलखत चढवत आणि जहाज किनाऱ्याला टेकताच थेट बाहेर पडत. शहरातून यंत्रांनी दगडांचा मारा चालू होता. बतूता स्वतः ढाल-तलवार घेऊन पाण्यात उतरला. शहर पडले, पण फार काळ हाती राहिले नाही.

बतूताच्या या दोन जहाजांत पुढच्या अडीचशे वर्षांची गोष्ट आहे. दक्षिणेत उंचापुरा लढाऊ घोडा पैदा होत नसे. त्याला अरबस्तानातून किंवा इराणातून समुद्रावरूनच यावे लागे. दमट हवा, वेगळा चारा, खुरांना मानवणार नाही अशी जमीन. आलेले घोडे भराभर मरत आणि नवे मागवावे लागत. रशियन व्यापारी आफानासी निकितिन होर्मुझहून एक घोडा घेऊन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला आणि जुन्नरला पोचला. तिथल्या असदखानाने त्याचा घोडाच जप्त केला आणि धर्म बदल, तर परत देतो, अशी अट घातली. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली तेव्हा कुठे घोडा सुटला. एका घोड्यासाठी सुभेदाराने असा हट्ट धरावा, इतका तो मोलाचा होता. घोड्यांना इथे हरभरा घालतात आणि तेल-साखर घालून शिजवलेली खिचडी चारतात, हेही निकितिनने नोंदवले आहे. गवताळ प्रदेशातल्या जनावराला खिचडीवर जगवायचे, तर त्याचा खर्च किती येत असेल, याचा अंदाज त्यावरून बांधावा.

महमूद गवानने १४७२ साली गोवे जिंकून विजयनगरच्या घोड्यांची एक वाट तोडली. हा बहामनी वजीर आयुष्याच्या सुरुवातीला स्वतः व्यापारी होता. बंदराची किंमत त्याला कोणी सांगायला नको होती. मग १५१० च्या नोव्हेंबरात आफोन्सो द आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवे घेतले, आणि घोड्यांची जहाजे दुसऱ्या बंदरांत जाऊ न देता गोव्यातच आणण्याचा सपाटा लावला. घोड्यांवरची जकात गोव्याच्या तिजोरीचा मोठा आधार बनली. पलीकडे दोन गिऱ्हाईके एकमेकांच्या जिवावर उठलेली: विजयनगर आणि विजापूर. विकणाऱ्याला आणखी काय हवे?

विजयनगरच्या बाजूचे चित्र दोन पोर्तुगिजांनी रंगवले आहे. १५२० च्या सुमारास तिथे गेलेल्या दोमिंगो पाइशने पाखर घातलेले, कपाळावर पत्रे बांधलेले घोडे आणि कापूस भरलेल्या जाड अंगरख्यांतले स्वार पाहिले. १५३५ च्या आसपास लिहिणारा फर्नाओ नुनीश तर स्वतःच घोड्यांचा व्यापारी. राजा वर्षाला होर्मुझचे आणि देशी मिळून १३ हजार घोडे घेतो, असे तो सांगतो. त्याने दिलेली साळुव नरसिंहाची हकिकत अधिक बोलकी आहे. तो राजा हजार पार्दावांना तीन या दराने घोडे घेई, जिवंत असोत वा मेलेले. जे समुद्रात मेले त्यांचे नुसते शेपूट आणून दाखवले तरी व्यापाऱ्याला पूर्ण पैसे मिळत. जहाज वाटेतच परत फिरू नये म्हणून मेल्या घोड्याचे मोल द्यायला राजा तयार होता.

व्यापार आणि लढाई यांची सरमिसळ रायचूरच्या वेढ्यात दिसते. क्रिस्तोवाओ द फिगेरेदो हा पोर्तुगीज घोडे विकायला म्हणून कृष्णदेवरायाकडे गेला होता. बरोबरच्या बंदूकधाऱ्यांना घेऊन त्याने १५२० साली रायचूरच्या तटावरची माणसे टिपायला सुरुवात केली आणि वेढ्याचा रंग पालटला. पुढे १५४७ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने विजयनगरशी तहच केला. गोव्यात उतरलेले घोडे विजयनगरला मिळतील, आदिलशहाला मिळणार नाहीत, असे त्यात ठरले. म्हणजे कोणाचे जड घोडदळ वरचढ ठरणार, हे ठरवण्याची किल्ली मांडवीच्या काठावर एका कलमात बांधली गेली.

२३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटच्या लढाईत विजयनगर कोसळले आणि गोव्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. दोनच वर्षांनी सेझारे फेदेरिची हा व्हेनिसचा व्यापारी गोव्याहून तिकडे निघाला. त्याच्या सोबतच्या दोन व्यापाऱ्यांकडे ३०० अरबी घोडे होते. जुनी देणीही फेडू, असा निरोप तिरुमलरायाने गोव्याच्या व्यापाऱ्यांना धाडला होता. प्रत्यक्षात त्याने चांगले घोडे ठेवून घेतले आणि हातावर दमडी ठेवली नाही. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेनच्या पुस्तकात रुआ दिरेता या रस्त्यावरच्या रोजच्या लिलावाचे चित्र आहे. त्यात अजूनही घोडा विकायला उभा आहे. पण सोन्याचे दिवस तोवर मागे पडले होते.

खुद्द पोर्तुगिजांचे घोडदळ कसे होते? नाममात्र. सगळ्या दख्खनला घोडे पुरवणारी ही सत्ता स्वतः गलबत, तोफ, तटबंदी आणि बंदूकधारी पायदळ यांवर उभी होती. बार्देश, साष्टी, तिसवाडी यांच्याभोवती पाणी होते, आणि पाणी राखायला घोडा लागत नाही. खेळाच्या रचनाकारांनी त्यांना जहाज दिले आणि घोडदळाची वरची पायरी नाकारली, ती काही उगाच नव्हे.

सतराव्या शतकात या पट्ट्यात मराठ्यांचे घोडे आले. ते अरबी नव्हते. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांतले भीमथडीचे तट्टू बुटके, काटक, चढाला घट्ट आणि पोटाला हलके. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची मांडणी दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. ही शेवटची तरतूद नीट पाहण्यासारखी आहे. पाणी आणि नाल यांची सोय लढणाऱ्या तुकडीतच बसवलेली. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. अंगावर फार तर चिलखत, बहुतेकदा कापूस भरलेला अंगरखा. हातात भाला किंवा धोप. अनेकांच्या फिरंग तलवारीची पाती तर पोर्तुगिजांमार्फत युरोपातून आलेली.

कोकणात घोडा जगवणे किती अवघड, हे महाराजांच्या एका पत्रावरून कळते. चिपळूणजवळच्या हलवर्णे येथे छावणीला असलेल्या जुमलेदार-हवालदारांना ते लिहिले आहे. दाणा आणि गवत आताच बेहिशेब उधळाल तर पावसाळ्यात मिळणार नाही आणि घोडी मरतील, असा त्यात धाक आहे. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाजी, आणि लोकांना मोगल बरे वाटू लागतील, असा पुढचा इशारा. शेवटी तर दिव्याची जळती वात उंदीर गवतात नेईल, आग लागेल आणि वैरणीबरोबर लष्कर खलास होईल, इथवर बारकाई आहे. राजा गवताच्या गंजीचा हिशेब स्वतः पाहत होता. देशावरचा कडबा इथे नाही; भाताचा पेंढा, सड्यावरचे गवत आणि कुळीथ यांवर भागवायचे. अशा मुलखात मोठ्या अंगाचा घोडा आणि त्याच्यावर पाखर ही चैन परवडणारी नव्हती.

हलक्या घोड्याचा उपयोग १६६७ च्या नोव्हेंबरात दिसला. पेडणे-डिचोलीकडच्या बंडखोर देसायांनी पोर्तुगिजांच्या आश्रयाने बार्देशातून कुरापती चालवल्या होत्या. महाराजांची फौज नदी ओलांडून बार्देशात घुसली, झडप घालून परतली आणि पुढे पोर्तुगिजांना तहाला यावे लागले. वेढा नाही, मोठ्या तोफा नाहीत.

सोळा वर्षांनी खरी परीक्षा झाली. १६८३ च्या पावसाळ्यानंतर व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला तोफा लावल्या. संभाजी महाराज घोडदळ घेऊन धावून आले, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोर्तुगिजांना तोफा-सामान आवरून दुर्भाटच्या धक्क्याकडे माघार घ्यावी लागली. २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटी साधून मराठे जुवे बेटावर उतरले आणि त्यांनी तिथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी बेट परत घ्यायला आलेला व्हाइसरॉय जखमी होऊन कसाबसा निसटला. तिसवाडी आता हाकेच्या अंतरावर होती. पण मधे पाणी होते, आणि पाण्याला भरती आली. पाठलागात महाराजांनी घोडा पाण्यात घातला, तो वाहून जाऊ लागला, तेव्हा खंडो बल्लाळाने उडी घेऊन घोडा धरला, अशी हकिकत मराठी परंपरेत चालत आली आहे. तिचा तपशील कसाही असो, त्या दिवशी गोव्याच्या राजधानीचे रक्षण खाडीने केले, एवढे खरे.

पाण्यापाशी मराठे अडले. मोगलांची गत त्याहून वाईट झाली.

औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शाहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाने डिचोली-बांद्याच्या बाजूला राहत होता आणि जहाजाने इराणला निघण्याच्या खटपटीत होता. औरंगजेबाने दुसरा मुलगा शाहआलम याला मोठी फौज देऊन दक्षिण कोकणात धाडले. कागदावर ही हिंदुस्थानातली सर्वांत भारी घोडसेना. मनसबदाराला त्याच्या ‘सवार’ दर्जाप्रमाणे घोडे ठेवावे लागत, त्यांना डाग दिला जाई, हजेरी घेतली जाई. ‘आईने अकबरी’त घोड्यांच्या सात प्रती लावल्या आहेत, अरबी सर्वांत वर, जंगला सर्वांत खाली. वरच्या सरदारांचे स्वार जिरेबख्तर घालत, घोड्यांना पाखर असे. मागे हत्ती, उंट, तंबू, बाजार. उत्तरेच्या मैदानात ही फौज समोर येईल ते चिरडून जाई.

१६८३ च्या अखेरीस ती रामघाट उतरली आणि जानेवारी १६८४ मध्ये डिचोलीत पोचली. तिथले संभाजी महाराजांचे वाडे आणि बागा शाहआलमने उद्ध्वस्त केल्या. पण खायचे काय? घाटावरून येणारी रसद मराठे तोडत होते. सुरतेहून समुद्रमार्गे येणारे धान्य गोव्याच्या किल्ल्यांखालून आत सोडायला पोर्तुगीज राजी नव्हते. मोगल एकदा आत आले तर बाहेर जाणार नाहीत, ही त्यांची भीती. व्हेनिसचा निकोलाव मनुची त्या वेळी गोव्यात होता. व्हाइसरॉयचा वकील म्हणून तो संभाजी महाराजांकडे जाऊन आला होता आणि शाहआलमशीही त्याने बोलणी केली. फौजेच्या दैन्याचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे.

मोगल इतिहासकार खाफीखानाने घोड्यांचे हाल अधिक जवळून सांगितले आहेत. या मुलखात नारळ आणि हरिकासारखे भरड धान्य तेवढे होते. ते पोटात जाताच माणसे आणि घोडी विषबाधा झाल्यासारखी मेली. गव्हाचे पीठ शेराला तीन-चार रुपयांवर गेले आणि तेही वेळेला मिळेना. जे घोडे वाचले ते अर्धमेले. शाहजाद्याच्या स्वतःच्या पागेत बसण्याजोगा घोडा उरला नाही, आणि बडे सरदार पायी चालू लागले. जाता जाता कुडाळ, बांदे, वेंगुर्ले या बाजूला जाळपोळ करून उरलीसुरली फौज पुन्हा रामघाट चढून गेली. मराठ्यांनी तिच्याशी समोरासमोर मोठी लढाई दिली नव्हती. घाट रोखणे, रसद मारणे आणि थांबणे, एवढ्यावर काम झाले.

यानंतर या पट्ट्यातल्या लढाया घोड्याच्या राहिल्याच नाहीत. पेडणे-डिचोलीवर वाडीकर सावंत-भोसल्यांचा अंमल होता. त्यांच्याशी पोर्तुगिजांचे युद्ध चालले ते गढ्या आणि किल्ल्यांभोवती. १७४६ च्या मे महिन्यात शापोऱ्याच्या काठचा हळर्णचा किल्ला पोर्तुगिजांनी घेतला, आणि त्या विजयावरून व्हाइसरॉयला ‘मार्केज द आलोर्ना’ ही पदवी मिळाली. हे काम तोफांचे आणि पायदळाचे. पुढे काही महाल परत गेले, पुन्हा आले. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतांकडून पोर्तुगिजांच्या हाती कायमचे गेले. पेडण्याचा ताबा तर लढाईने नव्हे, तहाने मिळाला. कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी होती, तिची ही किंमत.

या सगळ्या घोडदळांपैकी लोकांच्या नाचात एकच उरले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे या महालांत शिगम्याला घोडेमोडणी होते. राणे आणि मराठा सरदारांच्या पराक्रमाशी तिचे नाते जोडले जाते. नाचणाऱ्याच्या कमरेला बांबू-कापडाचा घोडा बांधलेला असतो. लाकडी तोंड पुढे, रंगीत झूल पायांवर लोंबती. डोक्याला फेटा, पायांत घुंगरू, डाव्या हातात लगाम, उजव्या हातात उपसलेली तलवार. ढोल-ताशा-कांसाळ्यांच्या तालावर पुढे झेपावायचे आणि त्याच तालावर मागे सरायचे. चिलखत नाही, पाखर नाही, भाल्यांची भिंत करून दौडत जाणेही नाही. झडप घालून परतणारा हलका स्वार तेवढा या नाचात आला आहे. विजयनगरची पाखर किंवा मोगलांचे जिरेबख्तर लोकांनी आपल्या घोड्यावर चढवले नाही. त्यांनी पाहिलेला आणि आपला मानलेला स्वार तसा नव्हताच. अलीकडे शिगम्याच्या सरकारी मिरवणुकीत चित्ररथ आणि रोमटामेळ यांच्या जोडीने घोडेमोडणीची पथकेही पणजी-म्हापशाच्या डांबरी रस्त्यांवर उतरतात, आणि परीक्षकांसमोर स्पर्धेत नाचतात.